मुरलेले पान

गेल्या डिसेंबरात आमचा मुलगा न्यू जर्सीहून तीन आठवड्यांसाठी आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून बदामांच्या आणि चॉकलेटांच्या नेहमीच्या पुड्यांखेरीज एक चपटी लाकडी पेटीही निघाली. पेटीला सीडारच्या लाकडाचा वास होता. आत दहा सिगार होते. काळेभोर म्हणावे इतके गडद आणि तेल पुसून ठेवलेल्या शिसवी लाटण्यासारखे तुकतुकीत. "बाबा, हे मादुरो," तो म्हणाला. "मी शनिवारी संध्याकाळी एखादा ओढतो. तुम्ही पेटलादला वाढलेले, तुम्हाला यातलं कळेल. मला तुमचं मत हवंय." आमच्या सौभाग्यवतींनी एकदा पेटीकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिले, आणि जाऊन देवघराचे दार ओढून घेतले.

मत देणे हा आमचा तीन तपांचा धंदा. महसूल खात्यात नायब मामलतदारापासून वर चढत गेलो, तो दुसऱ्यांच्या टिपणांखाली आपला शेरा लिहीतच. तेव्हा मत मागितल्याने आम्ही गडबडावे असे काही नव्हते. गडबडलो ते दोन कारणांनी. १९८९ सालापासून आम्ही तंबाखू कोणत्याही रूपात ओठांना लावली नव्हती, हे पहिले. आणि का लावली नव्हती, हे आमच्या मुलाला ठाऊक नव्हते, हे दुसरे. त्याचा जन्म १९९१चा. आजोबा 'घशाच्या आजाराने' गेले, एवढेच त्याला घरात सांगितले गेले होते, आणि ते सांगणारे आम्हीच होतो.

आमचे वडील, त्यांना सारे अण्णा म्हणत, १९४३ साली बडोदे संस्थानच्या महसूल खात्यात उमेदवार कारकून म्हणून लागले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ मे १९६०ला गुजरात राज्य झाले. अण्णांची नोकरी एकच, सरकारे तीन. त्या नोकरीचा मोठा भाग गेला पेटलाद भागात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी पेटलादचा उल्लेख एखाद्या आजोळासारखा होत असेल, कारण चरोतरातले पेटलाद, सोजित्रा, वसो, भादरण, धर्मज हे सारे गायकवाडी मुलूख, आणि तिथल्या कचेऱ्यांत मोडी वळणाची अक्षरे काढणारे हात आपलेच होते. संस्थानच्या उत्पन्नात या तुकड्याचे मोल किती होते हे जुन्या माणसांना सांगायला नको. आणंदहून पेटलादेस रेल्वे गेली ती १८९० साली. कापूस आणि तंबाखू हे तिचे खरे उतारू.

आम्ही १९६४ ते १९७२ पेटलादेस होतो. बालपणाचा वास कोणाला आंब्याच्या मोहराचा येतो, कोणाला पहिल्या पावसाचा. आम्हाला तो खळीचा येतो. खळी म्हणजे तंबाखू चाळायची, निवडायची, साठवायची जागा. आपल्या खळ्याची ही गुजराती बहीण, फक्त हिला भिंती आणि छप्पर असते. फाल्गुन-चैत्रात शेतातून वाळलेला माल आला की तोंडाला फडकी बांधलेल्या बायका तो कुटीत, चाळीत. काड्या एकीकडे, जाड कण एकीकडे, भुकटी तिसरीकडे. रस्त्याने जाणारी शाळेची पोरे ओळीने शिंकत. आमच्या इयत्तेत एक मुलगा एका दमात अकरा शिंका देत असे आणि त्यावर पैजा लागत.

अण्णा तंबाखू खात. चंची, अडकित्ता, चुन्याची डबी असा त्यांचा सरंजाम होता आणि तो कचेरीच्या दप्तराइतकाच नीटनेटका असे. चिमूट तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायची, दोन टाळ्या द्यायच्या, वरची धूळ फुंकायची; या साऱ्यात एक विधी होता. पण त्यांची खरी कीर्ती खाण्याबद्दल नव्हती, पारखीबद्दल होती. खळीवाले व्यापारी त्यांना कौतुकाने माल दाखवीत. अण्णा पान प्रथम उजेडात धरीत. बिडीच्या पानाला तयार होताना अंगावर तांबूस ठिपके येतात; ते बारीक, दाट आणि सारखे असावे लागतात. मग पान मुठीत दाबून सोडीत. हळूहळू उलगडले तर अंगात तेल आहे, चुरा झाला तर फार वाळले, गोळा राहिला तर ओल. मग नाक. शेवटी चिमूटभर निखाऱ्यावर टाकून राख पाहायची. काळी, चिकट राख म्हणजे पान नीट जळत नाही. करडी आणि हलकी असेल तर ठीक. एवढे झाल्यावर एकच शब्द बोलत, "चालेल" किंवा "राहू दे". व्यापाऱ्याने पुडा पुढे केला तर त्यातली एक चिमूट घेत आणि पुडा परत करीत. चिमूट म्हणजे नमुना आणि पुडा म्हणजे लाच, अशी त्यांची व्याख्या होती. आम्ही पुढे नोकरीत तीच वापरली. काही वरिष्ठांना ती फार जाचक वाटली.

पान चांगले व्हायला शेतकऱ्याला काय करावे लागते, हेही ते आम्हाला बांधावर उभे करून दाखवीत. श्रावण-भाद्रपदात गोराडू जमिनीत रोपे लावायची. फुलोरा येऊ लागला की शेंडा खुडायचा, आणि मग बगलेत फुटणारे धुमारे पुन्हा पुन्हा काढायचे, म्हणजे झाडाचा सारा जोर उरलेल्या मोजक्या पानांत उतरतो, पान जाड होते, तिखट होते. पौष-माघात कापणी, आणि शेतातच जमिनीवर उन्हात वाळवण. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला की वर्ष गेले. पान धुपते, काळवंडते. आणंदेस १९४७ साली बिडी तंबाखूचे संशोधन केंद्र निघाले, तिथून 'आणंद ११९'सारखी वाणे आली. पण वाण कोणतेही असो, माघातल्या ढगाकडे पाहताना पाटीदाराचा चेहरा तोच.

१९८८च्या दिवाळीत अण्णांच्या डाव्या गालाला आतून एक पांढरा चट्टा दिसला. ज्या बाजूला ते चिमूट धरीत त्याच बाजूला. अहमदाबादेस नेले, शस्त्रक्रिया झाली, विकिरण झाले. शेवटचे तीन महिने त्यांना बोलता येत नव्हते. शेजारी शाळकरी पाटी आणि पेन्सिल असे. आम्ही तेव्हा बोरसद तालुक्यात होतो आणि दर रविवारी बडोद्यास येत असू. एका रविवारी, का ते आजही सांगता येत नाही, आम्ही एका खळीतून वाळले पान खिशात घालून आणले आणि त्यांच्या नाकाशी धरले. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ श्वास घेतला. मग पाटी मागितली आणि लिहिले : "ओली आहे. महिनाभर ठेवा." जून १९८९मध्ये ते गेले. त्या दिवशी आम्ही आमचे सिगारेटचे पाकीट (होय, आम्ही ओढत होतो, आणि त्यांच्या आजारपणातही ओढत होतो) गच्चीवरून मागच्या वाड्यात फेकले.

हे सारे पोटात असलेल्या माणसापुढे मुलाने मादुरोची पेटी ठेवली होती.

तो मात्र उत्साहात होता आणि आम्हाला शिकवीत होता. मादुरो हा स्पॅनिश शब्द. अर्थ पिकलेला, पक्व. हे तंबाखूच्या एखाद्या जातीचे नाव नव्हे, सिगारवर बाहेरून गुंडाळलेल्या पानाचे आहे. सिगारचे तीन भाग : पोटात भरण, त्याभोवती ते आवळून धरणारे पान, आणि सर्वांत वर हे देखणे वेष्टन. मादुरोचे वेष्टन काळे होते ते रंगाने नव्हे तर आंबवण्याने. जाड, दणकट पान घ्यायचे, अमेरिकेतल्या कनेटिकट खोऱ्यातले रुंद पान किंवा मेक्सिकोतल्या सान आंद्रेसचे. त्याचे मोठाले ढीग रचायचे. ढीग आतून आपोआप तापतो, अमोनिया सुटतो, कडूपणा उतरतो. फार तापला की मोडून, आतले बाहेर करून पुन्हा रचायचा. साध्या वेष्टनापेक्षा हे अधिक उष्णतेत आणि अधिक काळ चालते. पातळ नाजूक पान त्यात टिकत नाही, फाटते. घाई असलेले कारखानदार पान वाफवून काळे करतात, आणि लबाड असलेले सरळ रंगवतात.

आम्हाला मराठीत याला एक नेमका शब्द सुचला, मुरणे. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, कारकून मुरतो. पिकणे झाडावर होते, मुरणे बरणीत. मादुरोचा शब्दकोशातला अर्थ पिकलेला असेल, पण त्याचा व्यवहार मुरण्याचा आहे.

मुलाला आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याला ठाऊक नव्हती. अकबर बादशहापुढे तंबाखू प्रथम आली ती आपल्या दख्खनेतून. त्याचा वकील असद बेग विजापुरास गेला होता. तिथून त्याने ती आणि एक जडावाची चिलीम नेली. बादशहाने दोनचार झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली, दरबारात वाद झाला. १६१७ साली जहांगिराने बंदीचा हुकूम काढला. बंदीचे पुढे काय झाले हे दारूबंदीच्या राज्यात राहणाऱ्या वाचकांना वेगळे सांगत नाही.

मत देण्याआधी साक्ष काढावी हा महसुली शिरस्ता. आमच्या ओळखीचे एक खळीवाले काका धर्मजजवळ राहतात, वय ब्याऐंशी. मुलाला घेऊन एका सकाळी वासदला महीचा पूल ओलांडला आणि बोरसदच्या रस्त्याला लागलो. केळी पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहेत, बटाटाही दिसतो, पण तंबाखू आहेच. शेंडे खुडलेली, कमरेएवढी झाडे, चिकट पाने पसरून उभी होती. मुलाने गाडी थांबवून एक पान हातात घेतले आणि बोटे एकमेकांना चिकटली म्हणून हसला. आम्ही बांधावर उभे होतो, आणि त्याला शेंडा का खुडतात ते सांगताना आपण नेमके अण्णांच्या चालीवर बोलतो आहोत हे आमच्या ध्यानात आले.

काकांच्या गळ्यात स्वामिनारायणाची कंठी. जन्मभर लाखो मणांचा माल पारखला, आणि एकदाही जिभेवर ठेवला नाही, पंथात निषिद्ध. चरोतरात हे विपरीत कोणालाच वाटत नाही. ओढून पाहण्याचे काम खळीतला एखादा मजूर करी, आणि काका त्याच्या चेहऱ्याकडे पाहत. त्या मजुरांपैकी आता कोणी हयात आहे का, असे मुलाने विचारले. काका म्हणाले, "एकेय नथी," आणि चष्मा पुसू लागले.

सिगार त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांवर आडवा घेतला, सोन्याची साखळी घेतात तसा. खिडकीपाशी नेऊन शिरा पाहिल्या. शिरा बारीक होत्या आणि वेष्टन तिरके, एकाच ओघात गुंडाळलेले होते. मग टोकापासून टोकापर्यंत चिमटीने हलके दाबीत गेले. मध्ये एका जागी थांबले, पुन्हा दाबले. पोकळ जागा असेल तर तिथे आग पळते, गाठ असेल तर धूर अडतो. मग कानाशी नेऊन बोटांत फिरवला. कुरकुरला तर कोरडा. मग अंगठा ओला करून वेष्टनावर घासला आणि अंगठ्याकडे पाहिले. फिकट तपकिरी डाग आला, काळा आला नाही. शेवटी उघड्या टोकाचा वास घेतला, तोही दोनदा, मध्ये स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगून. आम्ही विचारले, मध्ये बाही का? नाक धुवायला, म्हणाले.

"साहेब, अमे ढगलो तपे तो रडीए," ते म्हणाले, "आ लोको जाणीने तपावे छे." आम्ही ढीग तापला की रडतो, आणि ही माणसे मुद्दाम तापवतात. बिडीच्या मालात काळे पान म्हणजे पावसाने मारलेले पान. काळ्याची किंमत येते हे पाहून त्यांना मौज वाटत होती. बराच वेळ त्यांनी सिगार परत दिला नाही. मग देताना म्हणाले, "माल खोटो नथी." चरोतरात याहून मोठे प्रशस्तिपत्र नसते.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही बापलेक गच्चीवर बसलो. रिकाम्या पोटी सिगार ओढू नये; चक्कर येते, मळमळते. असे झालेच तर गूळ किंवा साखर चघळावी, म्हणून सौभाग्यवतींनी न बोलता वाटीत गुळाचे खडे ठेवले होते. मुलाने टोपी कापली, काडीने टोक दुरूनच भाजले आणि एक सिगार आमच्या हाती दिला. नाही म्हणणे सोपे होते, आणि त्याला कारण सांगणे त्याहून सोपे असायला हवे होते. आम्ही घेतला. छत्तीस वर्षांनी.

आता मत. पहिल्या बोटभर लांबीत मिरीचा तिखटपणा, तो जिभेच्या शेंड्यावर कमी आणि टाळूवर अधिक. धूर दाट, पण घशाला खवखव नाही. मग हळूहळू तिखट मागे सरले आणि काकवीची, जराशी करपू दिलेल्या काकवीची गोडी आली. तिच्यामागे चिकोरी घातलेल्या कॉफीचा कडवटपणा, आणि कोठेतरी भाजलेल्या कोकोची पूड. ओठांना वेष्टनाची किंचित गोड चव लागत होती. राख करडी, घट्ट, अंगठ्याच्या पेराएवढी होऊनही पडेना. जळण्याची रेघ सरळ. काकांनी जिथे दोनदा दाबले होते तिथे आल्यावर मात्र झुरका जड झाला आणि पुढे पुन्हा मोकळा झाला. अण्णा असते तर एवढ्यावरून "चालेल" म्हणाले असते. आम्ही त्याच्याही पुढे जाऊ. माल उत्तम होता. तो वाईट निघाला असता तर बरे झाले असते. वाईट वस्तूबद्दल मुलाला बोलणे कोणत्याही बापाला साधते.

तो म्हणाला, "सिगारचा धूर आत घ्यायचा नसतो, बाबा. नुसता तोंडात घोळवायचा. म्हणून त्याचं एवढं भय नाही." हे अर्धे खरे आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, म्हणून निकोटिनला फुप्फुसापर्यंत जावेच लागत नाही. ते तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. जे चव देते ते तिथेच बसते. जीभ, टाळू, गाल.

गाल हा शब्द तोंडातून निघाला आणि आम्ही थांबलो. मग सारे सांगितले. चंची, डावा गाल, पांढरा चट्टा, अहमदाबाद, पाटी. पाटीवरचे शब्द सांगताना आवाज नीट राहिला नाही. आपण त्याला पस्तीस वर्षे 'घसा' सांगितले, कारण अण्णांची आठवण एका व्यसनाच्या नावाने त्याच्या मनात राहू नये असे वाटले, हेही सांगितले. आणि ज्या नाकाचा आम्हाला एवढा अभिमान, ते नाक आणि तो गाल एकाच माणसाचे होते, हे आम्हाला स्वतःलाच कधी नीट जुळवता आले नाही, हे सांगायचे होते, ते राहिले.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. त्याचा सिगार थाळीच्या काठावर ठेवलेला होता, तो आपोआप विझला. सिगारचा हा गुण आहे, लक्ष दिले नाही की विझतो. खाली रस्त्यावरून लग्नाची वरात गेली. मग त्याने विचारले, "महिनाभर ठेवलं होतं का ते पान?"

ठेवले होते. महिन्याच्या आत अण्णाच गेले. पान कपाटात राहिले आणि पुढच्या पावसाळ्यात त्यात किडा पडला. हळदीत पडतो तोच, बारीक तपकिरी, सुईच्या टोकाएवढी भोके पाडणारा. तंबाखूवाले त्याला आपला शत्रू म्हणतात आणि किराणावाले आपला. आम्ही ते पान तेव्हा टाकून दिले.

जानेवारीत तो परत गेला. बॅगा भरताना पेटी त्याने टेबलावरच ठेवली आणि आम्ही ती आठवण करून दिली नाही. फोन दर रविवारी येतो. शनिवारी तो काय करतो हे आम्ही विचारलेले नाही, त्यानेही सांगितलेले नाही; मात्र एकदा, इतर बोलण्यात, पेटी कुठे ठेवली आहे असे विचारले आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, कोरडे पडतील, असे बजावले. हवेत सत्तर टक्क्यांच्या जवळपास ओल त्यांना मानवते. आमच्या घरात मे महिन्यात ती फार कमी होती आणि आता फार अधिक आहे.

पेटीत सात उरले आहेत. तिसरा काकांकडे राहिला. त्यांनी तो कशासाठी ठेवून घेतला हे विचारणे बरे दिसले नसते. पावसाळा लागल्यापासून आम्ही दर आठवड्याला झाकण उघडतो, एकेक सिगार खिडकीशी नेऊन फिरवून पाहतो. अजून भोक पडलेले नाही. परवा एक मुद्दाम कानाशी धरला. आवाज आला नाही. ओले आहेत.